सिस्टर, मामा, मावशी… आभार

बाबांच्या ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनला ज्यांनी हात लावला, पण ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पहाटे, भूल द्यायच्या ३ तास आधी, ५-एएलए पाण्यात विरघळवून बाबांना घोटघोट पाजणाऱ्या सिस्टर, तुमचा हात सतत त्यांच्या पाठीवर होता. या औषधाने निळ्या उजेडात गाठीच्या पेशी गुलाबी-लाल चमकतात, साध्या उजेडात मेंदूसारखीच दिसणारी तिची कड सर्जनला ओळखता येते, हे तुम्ही आईला किती सोपं करून सांगितलंत!

पुढचे २४ तास प्रखर उजेड चालत नाही, म्हणून खिडकीवर दुहेरी चादर बांधणारे वॉर्डातले मामा आणि आईला बळेच चहा पाजणाऱ्या मावशी, तुम्हाला विसरणं शक्य नाही.

शुद्धीवर येताच बाबांनी माझं नाव घेतलं.