चालकाला दुसरी चाचणी का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातील खासगी बसचालकांच्या मद्यचाचणीविषयीचा अग्रलेख वाचला. चालकाची रोज चाचणी व्हावी आणि जो दोषी ठरेल त्याला व्यसनमुक्ती केंद्राच्या दाखल्याशिवाय पुन्हा गाडीवर घेऊ नये, या आपल्या दोन्ही सूचनांशी माझे भांडण नाही. ज्या गाडीत चाळीस-पन्नास माणसे डोळे मिटून बसतात, तिचा चालक शुद्धीवर असलाच पाहिजे. मात्र त्याला दोषी कोणी, कोणत्या यंत्राने आणि कोणत्या पद्धतीने ठरवायचे याविषयी एवढ्या मोठ्या अग्रलेखात एक ओळही नाही. नेमके त्याचेच परिणाम आमचे घर गेल्या पावसाळ्यापासून भोगत आहे, म्हणून हे पत्र.

माझा धाकटा भाऊ चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या ठेकेदाराकडे बस चालवत होता. पावसाळ्यात त्याला खोकल्याने हैराण केले होते आणि वैद्यांनी कनकासव हे आयुर्वेदिक औषध दिले होते. आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क आपोआप निर्माण होतो आणि बाटलीवरच्या लेबलावर तसे छापलेलेही असते. पहाटेच्या पाळीला गाडी फाटकाबाहेर रांगेत लावल्यावर त्याने चहा-बिस्किटे खाल्ली, दोन चमचे औषध पाण्यातून घेतले आणि लगेच सुरक्षारक्षकाच्या चौकीवर जाऊन मद्यचाचणीच्या यंत्रात फुंकले. लाल दिवा लागला. यंत्रावर आकडा नव्हता, केवळ दिवा होता. आधीच्या चालकाने फुंकलेली नळीही बदललेली नव्हती. भावाने खिशातली बाटली काढून दाखवली आणि तोंड धुऊन थोड्या वेळाने पुन्हा फुंकू द्या, अशी विनंती केली. रक्षकाने नोंदवहीत ‘मद्यप्राशन केलेले आढळले’ असे लिहून खाली सही मागितली आणि सही केली नाहीस तर तेही लिहीन, असे सुनावले. मागे गाड्यांची रांग लागलेली होती. भावाने सही केली.

तोंडात नुकताच गेलेला मद्यार्क, मग तो औषधातला असो की चूळ भरण्याच्या द्रावणातला, काही मिनिटे तोंडातच रेंगाळतो आणि रक्तात जवळपास काहीच नसतानाही यंत्राचा आकडा वाढवतो. पंधरा-वीस मिनिटे थांबून चाचणी पुन्हा घेतली की खरे काय ते समजते. ही काही गुपित माहिती नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांसाठी केलेल्या नियमांत ती स्वच्छ लिहिलेली आहे. पहिल्या चाचणीत मद्यार्क आढळला तर पंधरा ते वीस मिनिटांनी दुसरी घ्यायची, मधल्या वेळात वैमानिकाला तोंड धुऊन चूळ भरू द्यायची, दुसऱ्या चाचणीपूर्वी यंत्र बरोबर चालते की नाही हे तपासायचे, साक्षीदार ठेवायचा आणि दोन्ही आकड्यांची छापील नोंद काढायची, असा तो क्रम आहे. मद्यार्कयुक्त माउथवॉशचा वापरही तिथे मनाई करून ठेवला आहे, कारण त्याने चाचणी बिघडते हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे. वैमानिकाला जी पंधरा मिनिटे मिळतात, ती बसचालकाला का मिळू नयेत? दोघांच्याही मागे माणसेच बसलेली असतात आणि दोघांच्याही घरात चूल त्याच पगारावर पेटते.

रस्त्यावर पोलिसांनी पकडले असते, तर माझ्या भावाची अवस्था अधिक बरी असती, हे मला फार दुःखाने लिहावे लागत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आकड्यात दिलेली आहे. अटक केलेल्या चालकाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही तर त्याला सोडावे लागते. आपल्याच राज्यातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच सांगितले आहे की तोंडाचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेली बुबुळे एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. म्हणजे कायद्याने गुन्हेगारालाही पुरावा मागण्याची सोय दिली आहे. कंपनीच्या फाटकावर ती सोय नाही, कारण तिथे गुन्हा नोंदवलाच जात नाही, नुसते काम जाते.

त्याच दिवशी भाऊ रक्त तपासून घ्यायला एका सरकारी रुग्णालयात गेला, तर पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय हे रक्त घेता येणार नाही, असे उत्तर मिळाले. पोलिसांचे पत्र कुठून आणणार? पोलिसांकडे प्रकरणच नव्हते. रक्तातला मद्यार्क 100 मिलिलिटरमागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या गतीने उतरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी कोणीही मान्य केली नसती. निर्दोष असल्याचा पुरावा देण्याची वेळ अशी फाटकावर आणि खिडकीवर निघून गेली.

यानंतर ठेकेदाराने व्यसनमुक्ती केंद्राचा दाखला मागितला. आपल्या अग्रलेखात ज्या दाखल्यावर एवढा विश्वास टाकला आहे तो कसा तयार होतो, हे मी भावासोबत गेले होते म्हणून सांगू शकते. टेबलावर छापील अर्ज होते. समुपदेशकाने नाव, वय, पत्ता आणि शुल्क विचारले आणि मग विचारले, “कधीच घेत नाही का?” माझा भाऊ खोटे बोलत नाही. लग्नकार्यात, कधी दिवाळीत भावकी जमली की घेतो, एरवी नाही, असे त्याने सांगितले. दुसरा प्रश्न आलाच नाही. दाखल्यावर लिहून आले: ‘अधूनमधून मद्यसेवन करतात, समुपदेशन करण्यात आले.’ ठेकेदाराच्या कचेरीत तो कागद वाचला गेला तो त्या पहाटेच्या लाल दिव्याचा कबुलीजबाब म्हणून.

मूल्यमापन असे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार करून घेतलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. किती वेळा घेता, एका वेळी किती घेता, एकदा सुरू केल्यावर थांबता येते का, सकाळी उठल्यावर लागते का, घेतल्यामुळे नेहमीचे काम राहून गेले का, कोणाला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी बोलून दाखवली का, असे ते प्रश्न आहेत. एकूण गुण 40, आणि 8 किंवा त्याहून जास्त झाले की काळजीचे कारण मानतात. महिन्यातून एकदा किंवा त्याहून कमी घेणाऱ्याला त्या पहिल्या प्रश्नाचा एक गुण मिळतो. माझ्या भावाचे उत्तर या प्रश्नावलीत बसवले असते तर तो एका-दोन गुणांवर थांबला असता, आणि ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे असा एखादा चालक त्याच दहा प्रश्नांत सापडला असता. आज दोघांनाही एकच कागद मिळतो. एकाची रोजी जाते आणि दुसऱ्याचा आजार तसाच राहतो. यात प्रवाशांचे कोणते भले होते, हे आपण सांगावे.

शिवाय हा दाखला भावाच्या हाती न देता थेट ठेकेदाराला पाठवण्यात आला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत आणल्या आहेत आणि त्याच कायद्याने रुग्णाला त्याची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क दिला आहे. भावाला कोणी त्याची संमती विचारलेली नव्हती.

मे 2024 मधील पुण्याच्या कल्याणीनगरचे मोटार अपघाताचे प्रकरण आपल्या वाचकांना सांगायला नको. दोन तरुण जीव गेल्यावर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, त्याला निबंध लिहायला सांगितले गेले आणि व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन घ्यायला सांगितले गेले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तिथे चाचणीवर सगळ्या राज्याचे लक्ष होते म्हणून गोष्टी उघड झाल्या. फाटकावरच्या चाचणीवर कोणाचेच लक्ष नसते.

जाता जाता आणखी एक. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घालून दिली होती. माझा भाऊ पहाटेची पाळी पोहोचवून, दुपारची आणून, रात्रीची सोडून घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगात उभे राहण्याचे त्राण नसायचे, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा फाटकावर त्याला फुंकायला लावायचे. त्याला झोप किती मिळाली, हे त्या नोंदवहीत लिहायला रकाना नव्हता. प्रवाशांच्या जिवाची एवढी काळजी असेल तर हा रकानाही असायला हवा, आणि आपल्या पुढच्या अग्रलेखात त्याविषयी वाचायला मिळाले तर मला मनापासून बरे वाटेल.

दाखला दुरुस्त करून मिळावा म्हणून आम्ही केंद्राकडे लेखी अर्ज केला आहे आणि पोच घेतली आहे. तोपर्यंत भाऊ दुसऱ्याच्या टेम्पोवर रोजंदारीने जातो. आपल्या वार्ताहराने एखाद्या पहाटे चाकणमधल्या कोणत्याही दोन-चार फाटकांवर उभे राहून, यंत्रावर आकडा दिसतो का, नळी बदलली जाते का आणि लाल दिवा लागल्यावर किती चालकांना दुसऱ्यांदा फुंकू दिले जाते, एवढे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे छापावीत, ही नम्र विनंती.

आपली,
एका बसचालकाची बहीण, राजगुरुनगर (जि. पुणे)