हत्याराची बॅग घेताना आधी उलटी करून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मोबाईल कुठला घ्यावा, कूलर कुठला घ्यावा हे सगळं येतं, पण आमच्यासारख्यांनी पाने-पकडी ठेवायला बॅग कुठली घ्यावी हे कुणी लिहीत नाही, म्हणून म्हणलं आपणच लिहावं. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर जॉबर आहे, म्हणजे लूम दुरुस्त करून चालू ठेवणारा, २२ वर्षं झाली, आणि सुट्टीला ओळखीच्यांकडे मोटार, पंखा, नळाचं बारीकसारीक काम पण करतो, त्यामुळे हत्यारं रोज खांद्यावर असतात.

गेल्या पावसाळ्यात पोरानं मोबाईलवरून एक बॅग मागवून दिली, साडेचारशे रुपये, फोटोत एकदम झकास, २८ खिसे आणि वर मोठ्या अक्षरात हेवी ड्यूटी. महिना पण झाला नव्हता, अशोक चौकाच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली, बॅग पुढच्या हुकाला होती, आणि तळाची शिलाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली बघा, पाने रस्त्यावर, हातोडी कडेच्या पाण्यात, मागून बसवाला हॉर्न मारतोय आणि मी पावसात वाकून एकेक पाना गोळा करतोय. एक रिक्षावाला थांबला बिचारा, त्यानं चार पाने आणून दिले. १४-१५ चा डबल पाना काही सापडला नाही. आणि नेमका तोच रोज लागतो.

घरी येऊन ती बॅग उलटी केली आणि मग कळालं की मी बाहेरनं बघून घेतली होती. आत तळाला एकच शिलाई, टाके लांब लांब, कापडाची कड जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत घेतलेली, वरनं पायपिंग, म्हणजे कडेवर शिवायची पट्टी, नाही. पट्टा बॅगच्या तोंडापाशीच शिवून सोडलेला. आता साधा हिशोब करा, डबल पान्याचा सेट, रिंग पान्याचा सेट, अर्ध्या किलोची हातोडी, पक्कड, दोन मोठे स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, टेस्टर, कानस, एवढं घातलं की सहा-सात किलो सहज होतं, आणि खड्ड्यात आदळल्यावर तेच वजन दुपटी-तिपटीनं तळाला बसतं. पट्टा बॅगच्या पोटाखालून पूर्ण फिरवून दुसऱ्या बाजूनं वर आलेला पाहिजे, म्हणजे वजन पट्टा उचलतो, कापड नाही. मी तर आता दुकानात गेलो की पहिले बॅग उलटी करतो, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

कापडाबद्दल आपण सोलापूरकरांनी तरी फसायला नको, पण फसतो. या बॅगांवर ६०० डी, १६८० डी असं लिहिलेलं असतं, ते डेनियर. आपल्याकडं सूत काउंटवर चालतं, एका पौंडात ८४० यार्डाच्या जितक्या लडी तितका काउंट, म्हणून काउंट वाढला की सूत बारीक. डेनियरचं उलटं आहे, ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर, म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. आमच्या खात्यातले चांगले मुरलेले लोक पण यात घोटाळा करतात. आणि नुसता धागा जाड असून भागत नाही, विण सैल असली तर पेचकसाचं टोक त्यातनं आरपार जातं, म्हणून कापड उजेडाकडं धरून बघा, भोकं दिसली की ठेवून द्या. हेवी ड्यूटी या शब्दाला काही माप नसतं, तो कुणी पण छापू शकतो.

रेक्झिनची बॅग स्वस्त मिळते, दिसायला पण छान, पण आपल्या गावात मे महिन्यात ४३-४४ डिग्री होतं आणि बॅग दिवसभर गाडीला उन्हात, दोन उन्हाळ्यात रेक्झिन कडक होऊन घडीवर तडकतं. जाड कॅनव्हास चांगला, फाटला तर शिवता येतो, फक्त भिजला की पाणी धरून ठेवतो आणि पान्यांना गंज चढतो, तेव्हा पावसात घरी आलं की हत्यारं काढून बॅग दोरीवर टाकायची, आळस करायचा नाही. आतून कोटिंग असलेलं पॉलिस्टर लवकर वाळतं, रोज फिरणाऱ्याला तेच बरं पडतं असं माझं मत. दोरा मात्र नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचाच, सुती दोरा ओल लागून कुजतो आणि मग कापड शाबूत राहतं आणि बॅग सुटते.

चेनचं पण तसंच. बारीक चेन स्कूलबॅगला ठीक आहे, हत्याराला आठ नंबर, दहा नंबरची जाड चेन लागते, हा नंबर म्हणजे साधारण बंद दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुकानात चेन एकदा ओढून सोडू नका, आठ-दहा वेळा ओढा, कोपऱ्यावर अडकते का बघा, तिथंच रनर निसटतो. कडी असेल तर तिचा जोड झाळलेला पाहिजे, नुसती वाकवलेली कडी वजनानं उघडते. खिसे २८ असून काय करायचंय, मला सहा पुरतात, बाकीच्यात बसचं तिकीट आणि सुपारी जमा होते. आणि हो, आतलं अस्तर काळं नको, काळ्या ॲलन की काळ्या बॅगेत लाईट गेल्यावर शोधून दाखवा. माझा एक पद्मशाली दोस्त आहे, तो पान्यांसाठी वेगळी गुंडाळीची पिशवी वापरतो, खिशात एकेक पाना, गुंडाळली की बांधली, कुठला पाना राहिला ते उघडल्या उघडल्या दिसतं. लोखंडी पेटी खात्यात ठेवायला उत्तम, गाडीवर नको, खडखडाट होतो आणि गुडघा फुटतो.

ती फाटलेली बॅग मी टाकली नाही. स्टेशनजवळच्या एका मोच्याकडं नेली, त्यानं तळाला गाडीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावला, आरीनं भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्याचे दुहेरी टाके घातले, आणि पट्टा तळाखालून फिरवून चौकोनात फुलीची शिलाई मारली. १२० रुपये घेतले. वर म्हणाला, कंपनीवाल्यानं हे आधीच केलं असतं तर तीस रुपयात झालं असतं. आज वर्ष होत आलं, टाका हलला नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गावात चादर, टॉवेल विणतात, ज्या गावात शाळेचे गणवेश शिवून बाहेर जातात, त्या गावातल्या जॉबरनं, वायरमननं, गवंड्यानं बाहेरगावची उसवणारी बॅग का घ्यायची? इथं कापड कळणारी माणसं आहेत, शिवणाऱ्या बायका आहेत, मशिनी आहेत. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी, लोहार धरून १८ प्रकारच्या कारागिरांना हत्यारासाठी १५ हजारापर्यंतचं ई-व्हाउचर आहे, २०२३ पासून चालू आहे, म्हणजे हत्यारं घरोघरी येणार, ती ठेवायला काहीतरी लागणारच. सहा-सातशेला पाच वर्षं टिकणारी बॅग कुणी शिवली तर आमच्या एका खात्यातच पंधरा-वीस जण घेतील, मी विचारून ठेवलंय. फॅन्सी नको, लोगो नको, तळ मजबूत आणि पट्टा रुंद, दोन इंचाचा, खांद्यात रुतणार नाही असा.

गणवेशवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल आणि खरंच मनावर घेणार असेल तर नमुना म्हणून मोच्यानं शिवलेली माझी बॅग चार दिवस द्यायला तयार आहे. पाने मी आधी काढून घेईन.

आपला,
एक जॉबर, अक्कलकोट रोड, सोलापूर