ताई, त्या पहिल्या सुईबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभाराचा विषय निघाला की तुम्ही लगेच "बरं, ड्रेसिंगच्या जाळ्या किती उरल्यात?" असं विचारता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

लेक नऊ दिवसांची असताना मी तिला काखेत हात घालून उचललं आणि तिथली कातडी माझ्या बोटांबरोबर आली. पुढे तपासण्या झाल्या, कागदावर 'डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसा' असं नाव आलं, म्हणजे जराशा घासण्यानेही कातडी सुटून फोड येणारा जन्मजात आजार, आणि घरात एकच प्रश्न सुरू झाला: हे कोणाकडून आलं? तुम्ही आलात, स्वतःच्या कुर्त्याचं कापड आणि अस्तर चिमटीत धरलंत आणि म्हणालात, टाके नसतील तर अस्तर सुटणारच. त्वचेचे थर धरून ठेवणारे टाके 'कोलॅजन ७' या प्रथिनाचे. त्याच्या जनुकाची एक प्रत माझ्याकडे बिघडलेली, एक यांच्याकडे. दुसरी चांगली, म्हणून आम्ही दोघं धडधाकट. तिच्या वाट्याला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. प्रत्येक गरोदरपणात चारात एक, एवढीच ती शक्यता. त्या दिवसानंतर तो प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. पुढची सगळी मदत एका पारड्यात टाकली, तरी मला हे जड वाटतं.

आता सुईचं. फोडाला हात लावायचा नाही, हेच मी लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही सांगितलंत, या मुलांचा फोड आपोआप थांबत नाही, आतलं पाणी कातडी उकलत पुढे सरकतं. निर्जंतुक सुई, फोडाच्या खालच्या कडेला, कातडीला समांतर, एका बाजूने आत आणि दुसरीकडून बाहेर. मग गॉजने हलकेच टिपायचं. वरची साल काढायची नाही, तीच खालच्या जखमेचं पांघरूण. माझा हात थरथरत होता. तुम्ही सुई माझ्याकडून घेतली नाहीत, नुसता तिच्या पावलाखाली तळहात धरलात. खरं सांगू? तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

मदतीबद्दलही एक बोलायचंय. तुमच्या आधी एका ठिकाणी अर्ज केला होता. त्यांना उघड्या जखमांचे फोटो हवे होते, 'लोकांचं मन हलेल असे'. आम्ही अर्ज मागे घेतला. तुम्ही फक्त विचारलंत, एका ड्रेसिंगला किती जाळ्या लागतात, कुठल्या मापाच्या. पुढच्या महिन्यापासून खोकं येऊ लागलं: न चिकटणाऱ्या सिलिकॉनच्या जाळ्या, मऊ गुंडाळपट्ट्या, बोटं एकमेकांना जुळू नयेत म्हणून अरुंद पट्ट्या वेगळ्या. चिकटपट्टी मात्र एकही नाही. जखमा बघितल्याशिवाय गरज कळणारी माणसं मला तेव्हा पहिल्यांदा भेटली.

२०२३ साली अमेरिकेत या आजारावरच्या जनुकीय जेलला मंजुरी मिळाल्याची बातमी वाचून मी रात्री साडेअकराला तुम्हाला फोन केला होता. तुम्ही माझ्याबरोबर आनंदलात आणि मग हळूच सांगितलंत की ते दर आठवड्याला जखमांवर लावावं लागतं आणि आजार मुळातून जात नाही. शेवटी, ब्रिटनमध्ये १९७८ साली फिलिस हिल्टन या आईने डेब्रा नावाच्या आपल्या मुलीसाठी या आजाराची पहिली संस्था काढली, तेव्हा घरोघरी काय परिस्थिती असेल, तेही बोललात. त्या रात्री मला झोप लागली.

लेक आता सहा वर्षांची आहे. कपडे उलटे घालते, शिवण बाहेर, आणि कोणी हसलं तर "माझी फॅशन आहे" म्हणते. ड्रेसिंगला अजूनही अडीच तास लागतात. त्यातला पहिला अर्धा तास रडण्याचा, उरलेला गोष्टींचा. परवा टाचेवरचा फोड तिने स्वतः दाखवला आणि म्हणाली, "आज सुई मी धरू?" मी दिली नाही. तुम्ही असतात तर दिली असतीत का, हे विचारायचंय.

तुमची,
तिची आई

ता. क. जाळ्या अकरा उरल्यात.