चेतन, रात्रीच्या फोनबद्दल

चेतन बेटा,

रात्री फोन तू ठेवला, मी नाही. आई म्हणे झोपू द्या त्याला, म्हणून परत लावला नाही. प्रबंधाचं आज काढणारच नव्हतो, ताप उतरला का आणि मेसमध्ये जेवतोस का एवढंच विचारायचं होतं. पण तपासणीत प्रबंधातला 43 टक्के मजकूर दुसरीकडून उचललेला निघाला म्हणतोस आणि वर "सगळेच करतात पप्पा", ते काही डोक्यातून जात नाही.

मामाला विचारलं, तो लायब्ररीत आहे, त्याला माहीत असतं. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा नियम आहे म्हणे, उचललेलं 10 टक्क्यांपर्यंत असलं तर काही नाही, 40 पर्यंत असलं तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, 40 ते 60 मध्ये गेलं की वर्षभर देताच येत नाही आणि त्याच्या पुढे रजिस्ट्रेशनच रद्द. गाइडने जमा करायच्या आधीच चेक केलं म्हणून वाचलास. अवतरण चिन्हात टाकून कुठून घेतलं ते लिहिलं तर ते त्यात धरत पण नाहीत, मग लिहायला काय झालं होतं रे? आणि आता शब्द इकडचे तिकडे करून टक्के कमी करत बसू नको, वाक्य फिरवलं तरी म्हणणं त्याचंच राहतं.

लेक्चर झालं, राग नको मानू. पण टक्क्यांचं मला एवढं नाहीच. तिसरं प्रकरण मी पूर्ण वाचलं. छाती फुगली खरं सांगतो, आपल्या घरात एवढं शुद्ध कोणी लिहिलं नाही. मग त्यातल्या सावद्याच्या स्टेशनावर आलो, वॅगनमध्ये खाली वाळलेली पानं अंथरून केळीचे घड कसे लावायचे, दिल्लीला पोचेपर्यंत किती पिकायचे, आणि शेवटी "असे आढळून येते". कोणाला आढळलं? ते आण्णांचं बोलणं आहे, ओसरीवर मोबाईल ठेवून तू रेकॉर्ड केलं, त्यांना खोकला आला म्हणून मध्ये थांबवलं होतं. पुस्तकवाल्याचं नाव नाही आणि आण्णांचं पण नाही.

तू सातवीत होता तेव्हा धुळ्याला राजवाडे मंडळात नेलं होतं. इतिहास लिहिणारे वि. का. राजवाडे गावोगाव जुनी दप्तरं धुंडाळत फिरले, 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, नुसती मूळ कागदपत्रं. मी हे सांगत होतो आणि तुझं लक्ष शेवभाजी कधी मिळते तिकडे.

तर आण्णांचं पूर्ण नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख टाक, तारीख रेकॉर्डिंगवर असेलच. त्यांना सांगितलं तर म्हणे माझं नाव कशाला, पण संध्याकाळपर्यंत दोनदा विचारून गेले कोणत्या पानावर येईल.

मेसचे पैसे टाकले आहेत. गाइडला भेटला की फोन कर, कितीही उशीर होऊ दे. आणि ते इंटरनेटवरून घेतलेलं, त्याच्या पण लिंका ठेवल्या आहेत ना?

पप्पा