बायपासनंतरचे आई-वडील आणि बडोद्याचा पावसाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यातल्या मराठी घरांचं चित्र आता ठरून गेलंय. आई-वडील दांडिया बाजार, बाबाजीपुरा नाहीतर कारेलीबागेत राहतात आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. बायपास ठरली की सगळी भावंडं ऑपरेशनच्या दिवशी हजर होतात, आठवडाभर इस्पितळाच्या बाकांवर बसून काढतात आणि डिस्चार्ज झाला की रजा संपली म्हणून परततात. इस्पितळातले ते सहा-आठ दिवस रुग्ण चोवीस तास परिचारिकांच्या नजरेखाली असतो. माणसं लागतात ती घरी आल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. त्या वेळी घरात उरते ती बहुतेकदा सत्तरीची आई किंवा सत्तरीचे वडील, आणि बाहेर जुलै-ऑगस्टचा पाऊस.

म्हणून बाहेरगावच्या मुलांना आमचं पहिलं सांगणं: सगळ्यांनी एकदम येऊ नका. ऑपरेशनला एक जण पुरे. दुसऱ्याने डिस्चार्जच्या दोन दिवस आधी पोहोचावं आणि दहा-बारा दिवस राहावं. तिसऱ्याने त्याच्या जाण्याआधी दोन दिवस यावं, म्हणजे गोळ्यांच्या वेळा, जखमेची अवस्था आणि रात्रीची झोप यांची माहिती तोंडी न राहता वहीसकट हातात येते. आधी येण्याला पावसाचंही कारण आहे. मुंबईहून बडोदा जेमतेम ३९० किलोमीटर असलं, तरी रुळांवर पाणी आलं की गाडी कुठे अडकेल याचा नेम नसतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्यावरून जाणाऱ्या कितीतरी गाड्या रद्द झाल्या होत्या.

बडोद्याचं पाणी बाहेरच्या माणसाला चकवतं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि आजव्याच्या तलावातून सोडलेलं पाणीही तिलाच मिळतं. त्यामुळे शहरातला पाऊस थांबून ऊन पडलं, तरी नदी पुढे कितीतरी तास चढत राहू शकते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी का भरलं हे कोणालाही समजत होतं. २०२४ मध्ये मात्र नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि पाऊस ओसरल्यावरही घराघरांत पाणी उभं होतं. म्हणून खिडकीतून आभाळ पाहून निर्णय घेऊ नये. काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी किती आणि आजव्याची किती, हे दोन आकडे सकाळ-संध्याकाळ पाहावेत. धोक्याची पातळी २५-२६ फुटांच्या आसपास धरतात. घर सखल भागात तळमजल्यावर असेल आणि पातळी १८-२० फुटांवर जाऊन चढतीच असेल, तर रुग्णाला त्याच वेळी, कोरड्या रस्त्याने, वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे हलवावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट नकाशाची. स्टेशन, सयाजीगंज, अलकापुरी, अकोटा नदीच्या पश्चिमेला. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, कारेलीबाग पूर्वेला. पूल बंद झाले की शहराचे दोन तुकडे होतात. घर एका काठाला आणि ऑपरेशन झालेलं इस्पितळ दुसऱ्या काठाला असेल, तर आपल्याच काठावरचं, रात्री ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळेल असं दुसरं इस्पितळ आधीच हेरून ठेवा. डिस्चार्जच्या कागदांची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत आणि फोटो सगळ्या भावंडांच्या फोनमध्ये असू द्या. गोळ्या निदान पंधरा दिवसांच्या घरात हव्यात. मुलाने राहण्यासाठी हॉटेल घेतलं असेल, तर तेही घराच्याच काठाला घ्यावं.

आता छातीविषयी सविस्तर, कारण गफलती इथेच होतात. बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते बऱ्यापैकी जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण मजबुतीला तीन महिने. वरची कातडी दोन आठवड्यांत छान दिसू लागते आणि घरच्यांना वाटतं, झालं. आतलं हाड तेव्हा तारांच्याच भरवशावर असतं. मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा किंवा जोराचा खोकला असेल तर तारा हाडात रुतून ते हलू लागतं. कूस बदलताना छातीत ‘कट्’ असा आवाज किंवा दोन तुकडे घासल्यासारखी जाणीव झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, सर्जनला लगेच कळवावं.

उठवण्याची रीत घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावी. रुग्णाने गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, दोन्ही हातांनी उशी छातीशी कवटाळायची, पाय खाटेखाली सोडायचे. मदत करणाऱ्याने हात पाठीमागे खांद्याच्या पात्यांखाली ठेवून आधार द्यायचा. हात धरून ओढणं आणि काखेत हात घालून उचलणं, या दोन्ही गोष्टी पूर्ण वर्ज्य. जमिनीवरची गादी या काळात नकोच. खाट साधारण गुडघ्याच्या उंचीची, म्हणजे १८ ते २० इंच असावी. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोड खुर्ची आणा आणि तिच्या दांड्यांवर हातांनी जोर देऊन उठायचं नाही, मांड्यांच्या जोरावर उठायचं, हे रोज बजावा. बद्धकोष्ठात कुंथण्याने छातीवर ताण येतो. डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल सुरू करावं.

पुरातून हलवायची वेळ आलीच तर हाच नियम. हातांची, बिनचाकांची भक्कम खुर्ची घ्या, कमरेला पंचा बांधा, उशी छातीशी द्या. एकाने खुर्चीची पाठ धरायची, दुसऱ्याने खुर्चीचे पुढचे पाय. धावून आलेले शेजारी मायेने काखेतच हात घालतात, तेव्हा त्यांना आधी थांबवून सांगावं लागतं. होडीतल्या जवानांनाही ‘बायपास झालीय, काखेत धरू नका’ हे पहिलं वाक्य. पाण्यातून चालवत नेणं शक्य तो टाळाच: उघडी गटारं, वीज, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस, आणि विश्वामित्रीच्या मगरी पुरात वस्तीत शिरतात हे बडोद्यात वेगळं सांगायला नको. बायपाससाठी पायातली नस काढलेली असेल, तर त्या पायाची जखम घोट्यापासून वर लांबवर असते आणि घाण पाणी आधी तिथेच पोहोचतं.

पूर आला नाही तरी दमटपणा आपलं काम करतोच. जखम टॉवेलने पुसू नका, टिपा. सर्जनने आंघोळीला परवानगी दिली असेल तर साधा साबण आणि ओतून घेतलेलं पाणी पुरे. हळद, तेल, पावडर काहीही लावू नये. छातीचा पट्टा आणि पायाचे मोजे दोन-दोन जोड हवेत. ओलसर पट्टा तसाच बांधला की घडीत बुरशी होते आणि टाक्यांच्या कडा पांढऱ्या, मऊ पडतात. पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवावी, फक्त इलॅस्टिकच्या मोज्यांवर नको. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट संकोचाने राहून जाते. स्तनांच्या ओढीने जखमेचं खालचं टोक उसवतं, म्हणून पुढून उघडणारी, मऊ, तारेविना ब्रा दिवसरात्र घालायची. मुलगा येणार असेल तर हे सुनेने किंवा बहिणीने आधी पाहून घ्यावं.

तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं उपकरण, बहुतेक घरांत उलटं वापरलं जातं. त्यात फुंकायचं नसतं. ताठ बसून श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, हवा सावकाश आत ओढून गोळी वर ठेवायची आणि तीन ते पाच सेकंद थांबायचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. झटक्याने ओढलं तर गोळ्या उडतात, पण फुप्फुसाचा तळ उघडत नाही, आणि तिथेच न्यूमोनिया धरतो. नळीचं तोंड रोज साबणाने धुऊन कोरडं करावं.

चालणं पावसात घरातच. कमाटीबागेतला फेरफटका कितीही आठवला तरी शेवाळलेल्या फरशीवर घसरून हात टेकला की सगळं मुसळ केरात. वीस फुटी खोलीत पंधरा वेळा जाऊन-येऊन सहाशे फूट होतात. सुरुवातीला पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा, मग दर दोन-तीन दिवसांनी मिनिटभर वाढवत. दुचाकी नाही. रिक्षा खड्ड्यांमुळे टाळावी, मोटारीत मागे बसून छाती आणि सीटबेल्ट यांच्यामध्ये उशी धरावी.

वही सकाळी भरायची: लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन, मग ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वजन वाढलं तर ते अंगात पाणी साठल्याचं लक्षण, पाय सुजले नसले तरी. ताप १००.४ च्या वर, जखमेतून स्राव, ऑक्सिजन ९२ च्या खाली, विश्रांतीत नाडी १२० च्या वर किंवा अनियमित, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत नवी कळ, घाम, दम किंवा बोलणं अडखळलं तर १०८.

पावसाळ्यातल्या दोन आजारांत गोळ्या घात करू शकतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि बायपासच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन, कधी सोबत क्लोपिडोग्रेल चालू असतं. ती गोळी मनाने बंदही करू नये आणि ताप अंगावर काढत चालूही ठेवू नये. ताप आला की रक्त तपासून डॉक्टरांना विचारावं. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यावं; आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये. दुसरा आजार जुलाबांचा. लघवीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी चालू असताना जुलाब झाले की पाणी आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, मूत्रपिंडाला मार बसतो. दिवसात चार-पाच जुलाब झाले तरी पुढचा डोस देण्याआधी फोन करावा. पूर ओसरल्यावर टाकी धुऊन होईपर्यंत नळाचं पाणी उकळूनच. पुरात वीज मुद्दाम बंद करतात. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रीजविना साधारण चार आठवडे चालतं, मात्र ते ३० अंशांखाली हवं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा, आतली कुपी कोरडी राहील असं.

भेटायला येणाऱ्यांनी दारातच पाय धुऊन कोरडे करावेत, हात साबणाने धुवावेत, दहा मिनिटांत उठावं. सर्दी-खोकला असेल तर फोन पुरे. आणि लीलो चेवडो, भाकरवडी आणू नका. त्यातल्या मिठाने सूज वाढते आणि नको म्हणणं रुग्णाला जड जातं. रुग्ण चिडचिडा होतो, विनाकारण रडतो, जेवण नको म्हणतो, हे पहिले काही आठवडे सर्रास होतं. वाद घालू नये. दोन महिन्यांनंतरही तसंच राहिलं तर डॉक्टरांना सांगावं. रात्रीची पाळी मुलांनी घ्यावी. आईच्या दुखण्यात वडील आणि वडिलांच्या दुखण्यात आई, यांची झोप हे बाहेरून आलेल्या मुलांचं खरं काम आहे.

आपल्याला एक विनंती. १५ जून ते ३० सप्टेंबर या काळात पहिल्या पानावर हवामानाच्या चौकटीशेजारी काळा घोड्याची आणि आजव्याची पातळी रोज छापावी, आदल्या दिवसाच्या आकड्यासह. पुण्यात, ठाण्यात बसून आपला अंक वाचणाऱ्या मुलांना तिकीट कधीचं काढायचं, ते त्यावरून ठरवता येईल.

— हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णसेवेत काम केलेल्या दोन निवृत्त परिचारिका, दांडिया बाजार, बडोदा