विषय : ओरिजिनल म्हणून पाठवलेलं नकली सिंगल, आणि तुमची तीन उत्तरं

प्रति,
कस्टमर केअर / तक्रार विभाग

नमस्कार,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांना तुमचं उत्तर "डिअर सर" असं सुरू झालं. मी सर नाहीये, पण ते जाऊ दे, कारण पत्र वाचलंच नसेल तर नाव तरी कशाला वाचाल. यावेळी सगळं सविस्तर लिहितेय, म्हणजे "अधिक माहिती द्या" असा मेल परत यायला नको. ऑर्डरची कॉपी, बिल, आणि फोटो सोबत जोडलेत.

मी तुमच्याकडून दोन सिंगल्स (दर बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड) मागवली होती. पहिलं, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण, ते म्हणजे टुमॉरो या बँडचं 'माय व्हाइट बायसिकल', पार्लोफोन लेबल, नंबर आर ५५९७, साल १९६७. तुमच्या साइटवर लिहिलं होतं "यूके ओरिजिनल फर्स्ट प्रेसिंग, निअर मिंट", म्हणजे ब्रिटनमध्ये पहिल्या खेपेला छापलेली आणि जवळजवळ नव्यासारखी. हे शब्द तुमचे आहेत, मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, त्यामुळे आता ते बदललेत तरी उपयोग नाही.

आलं ते ओरिजिनल नाही. फर्स्ट प्रेसिंग नाही, सेकंड नाही, कंपनीने नंतर काढलेलं रीइश्यूसुद्धा नाही. कुणीतरी चोरून छापलेली नक्कल आहे. तुम्ही म्हणाल कशावरून, तर सांगते, आणि कृपया हे तुमच्या त्या "एक्स्पर्ट ग्रेडिंग टीम"ला पण वाचायला द्या.

पार्सल उघडलं तेव्हाच पाल चुकचुकली, कारण सिंगल प्लास्टिकमध्ये सीलबंद होतं. अहो, १९६७चं ब्रिटिश सिंगल सीलबंद कसं असेल? तिकडे सिंगल्स कागदी पाकिटात यायची, मधे गोल भोक असलेल्या, दुकानदार काउंटरवर काढून वाजवूनही दाखवायचा. प्लास्टिक गुंडाळायची पद्धत अमेरिकन एलपींची. आणि गंमत म्हणजे आता तुमच्या तिसऱ्या उत्तरात तुम्ही म्हणताय की सील उघडलं म्हणून परत घेता येत नाही! जे सील तिथे असायलाच नको होतं ते मी उघडलं हा माझा गुन्हा.

मग लेबल पाहिलं. काळ्यावर चंदेरी अक्षरं, लांबून बरोबर दिसतं. भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, बारीक ठिपके ठिपके, म्हणजे खऱ्या लेबलचा स्कॅन काढून परत छापलंय. त्या काळात ईएमआयच्या (पार्लोफोन त्यांचंच) लेबलांवर मधोमध एक ओळ असायची, यूकेमध्ये ठरलेल्या किमतीच्या अटींवरच विक्री, किंमतपत्रक पाहा, अशा अर्थाची. ती ओळ माझ्या कॉपीवर आहे, पण अर्धी अक्षरं बुजलेली. शिवाय सहसा लेबलच्या कागदात 'केटी' अशी दोन अक्षरं दाबून उमटवलेली असतात, तो तिकडच्या पर्चेस टॅक्सचा कोड (तो टॅक्स १९७३ला गेला आणि व्हॅट आला, म्हणून ही खूण साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर शोधायची सवय लागते). माझ्यावर ती छापलेली आहे! दाबून उमटवलेली नाही, शाईने छापलेली. म्हणजे स्कॅनमध्ये दाबलेल्या अक्षरांची सावली आली आणि ती तशीच छापली गेली. बोट फिरवलं तर कागद सपाट. नक्कल करणाऱ्याचं कौतुक करावं की रडावं तेच कळेना.

पण लेबल काय, लेबलवर वाद घालता येतो. खरा निकाल लागतो तो डेड वॅक्समध्ये, म्हणजे गाणं संपल्यानंतर लेबलपर्यंत जी रिकामी गुळगुळीत पट्टी असते ना तिथे. लेबल कोणीही छापेल, पण तिथे जे कोरलेलं असतं ते कारखान्यातून येतं. रेकॉर्ड म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. ईएमआयच्या त्या काळातल्या सिंगलवर सहा वाजताच्या जागी मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक असतो, ७ आणि एक्सने सुरू होणारा, शेवटी डॅश देऊन १एन वगैरे, आणि तो ठसा मारून उमटवलेला असतो, नीटनेटका. मग नऊ वाजताच्या जागी मदर नंबर, म्हणजे ज्या धातूच्या प्लेटवरून छापायचे साचे बनतात तिचा नंबर. आणि तीन वाजताच्या जागी एक किंवा दोन अक्षरं, तो स्टँपरचा, म्हणजे छापायच्या साच्याचा कोड. त्यासाठी 'ग्रामोफोन लिमिटेड'वरून बनवलेली दहा अक्षरं वापरायचे, जी आर ए एम ओ पी एच एल टी डी, जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. (डेक्का या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने याच कामाला 'बकिंगहॅम' शब्द घेतला होता, त्यातही बरोब्बर दहा वेगवेगळी अक्षरं. असलं काही कळलं की मला दिवसभर बरं वाटतं, माझ्या घरच्यांना अजून कळलेलं नाही का ते.)

माझ्या कॉपीवर नऊ वाजता काही नाही. तीन वाजता काही नाही. आणि सहा वाजता मॅट्रिक्स नंबर आहे, पण खिळ्याने खरडल्यासारखा हाताने लिहिलेला, वाकडा, शेवटचा एन तर उलटा की काय अशी शंका येते. फोटो क्रमांक ४ आणि ५ पाहा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून काढलेत, स्वच्छ दिसतंय.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. आवाज.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा सुरुवातीच्या काही सेकंदांतच एक टक्क असा आवाज आला, मग एका फेरीनंतर परत टक्क, असे चार. मला वाटलं धूळ असेल, ब्रश फिरवला. परत तेच. मग नीट ओलं करून धुतलं, वाळवलं, वाजवलं, परत त्याच जागी चार वेळा टक्क. भिंग घेऊन त्या जागेवर गेले तर रेकॉर्ड आरशासारखी स्वच्छ, एक ओरखडा नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. हा ओरखडा माझ्या रेकॉर्डवरचा नाहीच! कुणाच्या तरी खऱ्या, वापरलेल्या रेकॉर्डवरचा आहे. त्या रेकॉर्डवरून गाणं उतरवून घेतलं आणि त्यावरून ही तबकडी बनवली, तर ओरखड्याचा आवाजही गाण्यासोबत ग्रूव्हमध्ये, म्हणजे सुई फिरते त्या खाचेत, कोरला गेला. वर खरखर कमी करायला फिल्टर लावलेला आहे, त्यामुळे झांजा घोंगडी पांघरून वाजवल्यासारख्या. ज्याची ती मूळ रेकॉर्ड होती त्याने ती कधीतरी घासली, आणि त्याचा तो निष्काळजीपणा आता मी निअर मिंटच्या भावात विकत घेतलाय.

यावर तुमचं पहिलं उत्तर : "जुन्या वस्तूंमध्ये नैसर्गिक झीज असते." कुठली झीज, रेकॉर्ड कोरी करकरीत आहे, तीच तर तक्रार आहे.
दुसरं उत्तर : "सदर ध्वनी हा मूळ गाण्याचा भाग असू शकतो, त्या काळात प्रायोगिक ध्वनी वापरत." हे वाचून मी पाच मिनिटं हसले, मग चिडले. हो, त्या गाण्यात उलटी वाजवलेली टेप आहे, १९६७ साल होतं, सगळेच टेप उलटी करून बघत होते. पण उलटी टेप आणि ओरखडा यातला फरक आम्हाला कळतो हो.

आम्हाला म्हणजे, आमचा आठ-दहा जणांचा कट्टा आहे, रविवारी व्हिडिओ कॉलवर बसतो, एकेक जण रेकॉर्ड कॅमेऱ्यासमोर धरतो आणि मग दोन-दोन तास एका बी साइडवर (रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या गाण्यावर) वाद चालतो. त्यातल्या एकाकडे याच सिंगलची खरी कॉपी आहे, बरीच वापरलेली, पण खरी. त्याने त्याची वाजवली, मी माझी. त्याच्यात खरखर भरपूर, पण बास पोटात लागतो, गिटार अंगावर येते. माझी म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी लावल्यासारखी. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकानेही चूक केली नाही. हा काही लॅब रिपोर्ट नाही, मान्य, पण तुमच्या टीमने निदान एवढं तरी केलं होतं का?

आणि तुमच्या साइटवरचं वर्णन तर वेगळंच प्रकरण आहे. तिथे लिहिलंय "स्टीव्ह हाऊची पहिली रेकॉर्ड, १९६७चं हिट सिंगल". दोन्ही चूक. टुमॉरोचा गिटारवाला स्टीव्ह हाऊ त्याआधी सिंडिकॅट्स या बँडमध्ये होता, त्यांचं पहिलं सिंगल १९६४चं, कोलंबिया लेबलवर, जो मीक नावाच्या निर्मात्याने केलेलं. मग तो इन क्राउडमध्ये गेला, आणि त्याच बँडचं पुढे नाव बदलून टुमॉरो झालं. आणि हिट? हे सिंगल चार्टवर आलंच नाही. हिट झालं ते त्यांचा गायक कीथ वेस्ट याचं एकट्याचं गाणं, त्याच वर्षी, ते ब्रिटनमध्ये दोन नंबरपर्यंत गेलं, आणि लोकांना बँडपेक्षा तेच लक्षात राहिलं. तुम्ही दोन्हीची खिचडी केलीय.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. त्यातच सगळं आहे. हे सिंगल दुर्मिळ आहे कारण ते पडलं. हिट झालेल्या सिंगलच्या लाखो कॉपी निघायच्या, त्या आजही ढिगाने मिळतात. जे चाललं नाही ते कंपनीने तेव्हा परत छापलं नाही, थोड्या कॉपी विकल्या गेल्या, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. त्या काळात मोठ्या कंपन्या दर आठवड्याला ढीगभर सिंगल्स बाजारात सोडायच्या, एखादं लागलं तर लागलं. बाकीच्यांचा जो गाळ खाली राहिला त्यात आम्ही हात घालून बसलोय. म्हणून जेव्हा तुमच्या पानावर न चाललेल्या सिंगलच्या "निअर मिंट, ३ कॉपी शिल्लक" असं दिसतं तेव्हा मलाच आधी संशय यायला हवा होता. आला नाही, कारण पाहिजे होतं. ही माझी चूक, ती मी मान्य करते.

दुसऱ्या सिंगलबद्दल थोडक्यात. ते अमेरिकन, गॅराज बँडचं, रेडिओला पाठवलेली पांढऱ्या लेबलची प्रोमो कॉपी. हे मात्र अस्सल आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही "व्हिनिल, निअर मिंट" लिहिलंय आणि ते व्हिनिल नाही, स्टायरीन आहे. अमेरिकेत त्या काळी बरीच सिंगल्स पॉलिस्टायरीनची साच्यात ओतून बनवायचे, स्वस्त पडायचं, पण सुईने लवकर झिजतं. त्यात रेडिओवरचा माणूस गाण्याचा पहिला सूर नेमका पकडायला रेकॉर्ड हाताने मागेपुढे फिरवायचा, त्यामुळे सुरुवातीचे एक-दोन सेकंद भाजल्यासारखे होतात, नुसती सूं सूं. माझ्या कॉपीवर तेच आहे. दिसायला चकाचक, म्हणून डोळ्यांनी बघून ग्रेड दिलं असणार. वाजवून द्या. वाजवायचं नसेल तर "फक्त बघून ग्रेड दिलंय" असं लिहा, बरेच विक्रेते लिहितात, त्यात कमीपणा नाही.

आता मला काय हवंय ते. पहिल्या सिंगलचे पूर्ण पैसे परत, पाठवणीच्या खर्चासकट, आणि परत पाठवायचा खर्चही तुमचाच. तुम्ही देऊ केलेलं पुढच्या खरेदीवरचं कूपन नको, पुढची खरेदी व्हायची की नाही तेच तर या पत्रावर ठरणार आहे. त्या उरलेल्या तीन कॉपी विक्रीवरून काढा, किंवा स्पष्ट "नक्कल" लिहून ठेवा. आणि या नकला तुम्हाला कुणी दिल्या ते आधी शोधा, कारण मला खरंच वाटतं की तुम्हालाही कुणीतरी फसवलंय. तुम्ही स्वतः छापल्यात असं मी म्हणत नाहीये, फक्त तुम्ही पाहिलं नाहीत आणि सांगितल्यावरही बघायला तयार नाही, राग त्याचा आहे.

एक अट मात्र माझी आहे. हे सिंगल मी परत पाठवेन, पण आधी मला लेखी द्या की ते पुन्हा ओरिजिनल म्हणून विक्रीला लावणार नाही. हे मी दुसऱ्या पत्रातही लिहिलं होतं, त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. नाहीतर काय होईल, मी पैसे घेऊन मोकळी, आणि पुढच्या महिन्यात माझ्यासारखंच कुणीतरी तेच चार टक्क ऐकत ब्रश फिरवत बसेल. शक्यता आहे की ते आमच्या कट्ट्यावरचंच कुणी असेल.

उत्तर पंधरा दिवसांत द्या. नाही आलं तर ग्राहक तक्रारीचा रस्ता आहेच, त्याची कागदपत्रं तयार आहेत. आणि उत्तर माणसाने लिहिलेलं असू दे.

आपली,
एक जुनी ग्राहक (सर नव्हे)

ता. क. : स्टायरीनवालं सिंगल मी ठेवतेय. ग्रेडमधल्या फरकाचे पैसे परत दिलेत तर बरं, नाही दिलेत तरी ठेवतेय. त्याची बी साइड रेडिओवाल्याने कधी लावलेलीच दिसत नाही, पहिल्या सेकंदापासून स्वच्छ वाजते आणि ए साइडपेक्षा कितीतरी भारी आहे.