अखेर कुणीतरी आमच्याशी मराठीत बोलले

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव सीमाभागातल्या आमच्या पिढीची एक साधी मागणी होती : सरकारी परिपत्रके, नोटिसा, बिले कन्नडबरोबर मराठीतही द्या. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, असे केंद्र सरकारनेच १९५६ साली मान्य केले आहे. हे सांगून सांगून नेत्यांचे घसे बसले, निवेदनांचे कागद पिवळे पडले. कचेरीच्या खिडकीतून उत्तर एकच : ‘कन्नड बरूदिल्लेन्री?’ म्हणजे, कन्नड येत नाही का हो?

आता मात्र मोर्चा न काढता मराठी मिळू लागली आहे, आणि तीही घरपोच. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजतो आणि एक गोड आवाज विचारतो, ‘नमस्कार काका, जेवण झालं का?’ पुढे कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड. ‘बाई, तुमचं गाव कुठलं?’ म्हटले की क्षणभर शांतता, आणि पुन्हा तेच कर्ज. यंत्र आहे ते. खिडकीतला कारकून निदान चिडतो तरी.

आणखी एक जमात आहे, तिचे मराठी तर त्याहून शुद्ध. ‘मुंबई क्राईम ब्रँचमधून बोलतोय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत.’ मग व्हिडिओ कॉल, अंगावर खाकी, मागे अशोकस्तंभ, आणि ‘डिजिटल अटक’. यात भीतीचा वाटा आहेच. पण आमच्या भागात आणखी एक गोष्ट चोरांच्या पथ्यावर पडते. मुंबईकडे डोळे लावून इथल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तिथला साहेब आपल्या भाषेत दरडावतो म्हटल्यावर माणूस आधी ताठ बसतो, शंका मागाहून येते. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ फोनसमोर हात जोडून बसले होते. ‘साहेब, बीपीची गोळी घेऊ का?’ म्हणून त्यांनी परवानगीही मागितली. साहेबांनी उदारपणे दिली.

त्यांना सोडवले सुनेने. तिचे माहेर गोकाकचे. तिने फोन हातात घेतला आणि गोकाकच्या ठसक्यात त्या साहेबाची कन्नडमध्ये अशी हजेरी घेतली की कॉल तिकडूनच तुटला. मुंबईच्या साहेबांना कन्नड येत नव्हते. सीमाप्रश्नावर आजवर शेकडो परिसंवाद झाले असतील, पण हा मुद्दा कुणी मांडल्याचे ऐकिवात नाही.



व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद देशातल्या कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त. पण ही माहिती आमच्या बँकांच्या भिंतीवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत आहे. रिझर्व्ह बँकेचे त्रिभाषा सूत्र आहे, शाखेचा दोष नाही. तरी येळ्ळूरच्या, उचगावच्या ज्या आज्जी पेन्शनसाठी रांगेत उभ्या असतात, त्यांनी तो फलक कसा वाचायचा? ठकसेनांनी त्यांच्यासाठी भाषांतराची सोय केव्हाच केली आहे. राहिली आहे ती बँकांनी आणि पोलिसांनी करायची.

म्हणून विनंती अशी : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बँकांत, टपाल कचेऱ्यांत आणि बसस्थानकांवर या सूचना मराठीतही लावाव्यात. यात भाषावाद कुणी शोधू नये. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याने दुकानांच्या फलकांचा ६० टक्के भाग कन्नडला दिला आहे, तोच हिशेब इथेही लावावा. उरलेल्या ४० टक्क्यांत ‘पोलीस फोनवर अटक करत नाहीत, पैसे मागत नाहीत, १९३० ला कळवा’ एवढे ठळक अक्षरात बसते. मजकूर लिहून द्यायला आम्ही निवृत्त शिक्षक तयार आहोत. मानधन नको, ओटीपी तर मुळीच मागणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
वडगाव, बेळगाव